टीमचा सगळ्यात जास्त पॉइंट काढणारा खेळाडू बेंचवर बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा हुकमी स्कोअरर नव्या कोचनी सुरुवातीच्या पाचातून काढलाय, ते त्याला बेंचवरून उतरवणार आहेत आणि त्यावरून टीममध्ये दोन तट पडलेत. आधी माझी लायकी सांगतो. कॉलेजात मीही बेंचवरच असायचो, पण त्यामागे कोचची काही चाल वगैरे नव्हती. बाकी बरीच वर्षं सकाळी चहाचा कप हातात घेऊन एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघतोय, त्या जोरावर हे उत्तर.

बसवायला हरकत नाही, पण तो नसताना पॉइंट काढणारं आणखी कुणी टीममध्ये असेल तरच. तसं कुणी नसेल तर कोचना समजावा.

या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर पहिला येतो तो मनू जिनोबिली. सॅन अँटोनियो स्पर्सचा अर्जेंटिनी गार्ड, डावखुरा. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये सेमीफायनलला अमेरिकेला हरवून सुवर्णपदक जिंकलेल्या अर्जेंटिनाच्या टीमचा म्होरक्या. अशा माणसाला कोच ग्रेग पॉपोविचनी बेंचवरून आणायला सुरुवात केली. २००७-०८ च्या मोसमात त्याची सरासरी होती १९.५ पॉइंट, टीममधले दुसरे दोन स्टार टिम डंकन आणि टोनी पार्कर यांच्यापेक्षा थोडी जास्तच. आणि तो खेळला त्या ७४ मॅचपैकी सुरुवातीपासून उतरला फक्त २३ मध्ये! त्या वर्षीचा 'सिक्स्थ मॅन'चा, म्हणजे बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा, किताब त्यालाच मिळाला.

यातली गंमत अशी की बॉल एकच असतो. पार्करला तो हातात लागतो, डंकनला बास्केटजवळ लागतो, जिनोबिलीलाही लागतो. तिघं एकदम उतरले की एक जण नुसता कोपऱ्यात उभा राहणार. त्याऐवजी पाच-सहा मिनिटांनी, दोन्हीकडचे बदली खेळाडू यायला लागले की जिनोबिली आत. आता समोर दुसऱ्या फळीचा डिफेन्स आणि बॉल याच्या हातात. शिवाय हा गडी जमिनीवर लोळण घेत खेळणारा, म्हणजे मिनिटं जरा कमी झालेली अंगालाही बरीच. ती कमी म्हणजे तरी किती? बेंचवरून येऊनही तो त्या मोसमात मॅचला सरासरी ३१ मिनिटं खेळत होता. आणि मॅच अटीतटीची झाली की शेवटच्या मिनिटांत तो कोर्टवर असायचाच. तुमच्याकडचं भांडण सुरुवात कोण करतो यावर चाललंय. मी असतो तर शेवटी कोण असतो ते विचारलं असतं.

आता उलटी बाजू. जेम्स हार्डन २०११-१२ मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून बेंचवरून येऊन १६.८ च्या सरासरीने पॉइंट काढत होता. त्यालाही सिक्स्थ मॅनचा किताब मिळाला, टीम फायनलला पोचली. पुढे कराराच्या पैशांवरून फिसकटलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं. तिथे पहिल्या मिनिटापासून उतरून त्याने त्याच मोसमात २५.९ ची सरासरी गाठली. म्हणजे बेंचवर बसवल्याने त्या टीमचं तेव्हा बिघडलं नाही, पण माणूस केवढा मोठा आहे ते झाकलं गेलं, असं मला वाटतं.

आणि ॲलन आयव्हर्सन! २००९ मध्ये मेम्फिसकडून बेंचवरून तीन मॅच खेळला आणि चालता झाला. तेव्हा मी त्याला नावं ठेवली होती. आता वाटतं, ज्याने आयुष्यभर टीम एकट्याच्या खांद्यावर वाहिली त्याला असं बसवायचं तर आधी मोकळेपणाने बोलायला हवं.

तुमच्या मॅच बहुतेक दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरच्या असणार. एनबीएपेक्षा आठ मिनिटं कमी, म्हणजे सुरुवातीलाच १२-२ असा मार खाल्ला की भरून काढायला वेळ कमी. उलट पाच फाउलला बाहेर जावं लागतं, तेव्हा तुमचा हा स्कोअरर सुरुवातीच्या घाईत दोन फाउल करून बसणारा असेल तर कोचच्या म्हणण्यात दम आहे.

एक सोपं काम करा. पुढच्या चार-पाच मॅचना बेंचवरच्या कुणाला तरी वही द्या. हा मुलगा कोर्टवर आला-गेला की त्या वेळचा दोन्ही टीमचा स्कोअर लिहायचा, बास. तो बसलेला असताना टीम किती मागे पडते आणि आल्यावर किती भरून निघतं ते आपोआप दिसेल. ती वही घेऊन त्यालाच कोचकडे पाठवा, आणि त्याने एवढंच विचारावं: "सर, शेवटची पाच मिनिटं मी आत असणार ना?"