एअर अँब्युलन्ससाठी वर्गणी काढताय? थोडं ऐक

अरे मित्रा, उत्साह मस्तय तुमच्या मंडळाचा, पण ही गणपतीची वर्गणी नाही हे डोक्यात ठेव. पहिल्या वेळी आम्ही पुण्यात, कोथरूडात डबा घेऊन फिरलो, नोटा मोजता मोजता रात्रीचे दोन वाजले आणि पावत्यांपेक्षा तीनशे रुपये जास्तच निघाले, ते कुणाचे आजतागायत कळलं नाही. तेव्हापासून डबा बंद, सगळं ट्रस्टच्या खात्यावर. ट्रस्टला ८०जी (देणगीवर टॅक्स सूट मिळवून देणारी मान्यता) असेल तर देणाऱ्याला आधीच सांग, २००० च्या वर कॅश दिली की टॅक्समधे सूट नाही, नाहीतर मार्चमधे फोन सुरू होतात.

कोटेशन घेताना एक विचारायचंच, विमान रिकामं येणार-जाणार त्याचं भाडं धरलंय का. इथं विमान उभं नसलं तर ते दुसऱ्या शहरातून येतं आणि तो खर्चही आपल्याच माथी. शिवाय हॉस्पिटल ते लोहगाव विमानतळ साधी नाही, व्हेंटिलेटरवाली गाडी लागते, तिकडे उतरल्यावर परत एक (संध्याकाळी नगर रोडला अडकलात की कळेल). पैसे नातेवाइकांच्या हातात नको, थेट कंपनीला. आणि पेशंट विमानात नेण्यासारखा आहे असं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स भरू नकोस बाबा.