पुतण्याच्या नावचं मुखत्यारपत्र कधीपर्यंत चालेल?

अंबाजोगाईहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय 69, पती हयात नाहीत, मूलबाळ नाही, घरात एकट्याच. मागच्या दिवाळीत डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. स्वतःचं घर, केज तालुक्यात चार एकर जमीन, पेन्शन, थोड्या ठेवी. पुण्याच्या पुतण्याच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवलंय. विचारतात, "पुढे मला काही कळेनासं झालं तर तो सगळं बघेल ना?" हाच प्रश्न मला वरचेवर येतो.

ताई, नाही बघू शकणार. ज्या दिवसासाठी तुम्ही हा कागद केलात, त्याच दिवशी तो संपेल. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 तसं स्पष्ट सांगतं: मुखत्यार नेमणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की मुखत्यारी संपली. दुय्यम निबंधकाचा शिक्का असला तरीही.

मग उरतं काय? 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय अशा माणसाच्या मिळकतीला व्यवस्थापक नेमू शकत असे. 2017 च्या नव्या कायद्याने ती सोय ठेवली नाही. आता पुतण्याला उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात रिट अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मागावी लागेल. वैद्यकीय तपासणी, अहवाल, तारखा. तोवर तुमच्या औषधांचे आणि सांभाळणाऱ्या बाईचे पैसे कोण देणार?

दिवाळीला निदान झालं आणि पत्र आषाढात लिहिलंत, याचा मला राग आला. ते आठ महिने सोन्याचे होते. पण पत्र तुम्ही स्वतः, मुद्देसूद लिहिलंय, म्हणजे सही करण्याइतकी समज आज नक्की आहे. करार कायद्याच्या कलम 12 ला तेवढंच हवं: काय करतोय ते कळणं आणि त्यात आपलं भलं-बुरं ठरवता येणं.

म्हणून आता घर आणि ठेवींचा खासगी न्यास (ट्रस्ट) करा, म्हणजे मिळकत विश्वस्तांच्या हाती देऊन ती तुमच्यासाठीच वापरायची असं लिहून ठेवा. तो तुमची स्मृती गेल्यावरही चालतो. विश्वस्त दोन ठेवा, एक अंबाजोगाईतच राहणारा. 'हयातभर माझा सांभाळ, औषधं आणि घरी मदतनीस' हा उद्देश पहिल्याच ओळीत लिहा. मुद्रांक शुल्क मसुदा बघूनच सांगता येईल. जमीन मात्र इतक्यात त्यात घालू नका. आपल्याकडे शेतजमीन दुसऱ्याच्या नावे करताना हैदराबाद कूळ कायदा आडवा येऊ शकतो, आधी सातबारा दाखवा. पुतण्या घराचं बक्षीसपत्र मागत असेल, तर सांभाळाची अट लेखी असल्याशिवाय सही नको. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा आधार आहे, तो त्या अटीवरच उभा राहतो.

मानसिक आजाराच्या उपचारांबाबत तुमच्या वतीने कोणी बघायचं, हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 14 खाली साध्या कागदावर लिहून देता येतं. तुमची सही आणि त्या माणसाची लेखी संमती पुरते. पण त्याला पैशांचा अधिकार मिळत नाही. रोजच्या मदतीसाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. नंबर फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

न्यासाच्या सहीच्याच दिवशी सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातून 'समजून निर्णय घेऊ शकतात' असा दाखला घ्या, त्याच तारखेचा. सोबत शेजारीण चालेल. साक्षीला पुतण्या किंवा त्याची बायको नको.