वाचक विचारतात: पेनांगची पायी फेरी

प्रश्न : सिंगापूरहून निघालेलं आमचं क्रूझ पेनांगला सहा तास थांबेल. टॅक्सीशिवाय तिथलं जुनं शहर, जॉर्ज टाउन, पाहता येईल का?

उत्तर : आरामात. जहाज लागतं त्या स्वेटनहॅम धक्क्याबाहेर पडताच कॉर्नवॉलिस किल्ला. तो ओझरता पाहिला तरी चालेल. तिथून सेंट जॉर्ज चर्च (१८१८), मग पिट स्ट्रीटने (आताचं नाव जालान मस्जिद कपितान केलिंग) कॅपिटन केलिंग मशिदीकडे. वाटेतल्या लिटल इंडियात जेवण उरका. पुढे खू कोंगसी हे खू कुळाचं चिनी कुलगृह, शेवटी च्यू जेटी ही पाण्यावरची चिनी वस्ती. दुकानांपुढच्या छपराखालून चाला. मध्येच दुचाक्या आडव्या येतात, तेव्हा रस्त्यावर उतरताना मागे बघा. ऊन बाधतं, त्याहून घाम. माणशी लिटरभर पाणी, छत्री, थोडे रिंगिट (मलेशियाचं चलन) आणि जहाजाचं कार्ड हवंच. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजा. सुटण्याआधी बरंच लवकर जहाजाचं दार बंद होतं.