रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. जूनमध्ये मी पहिल्यांदाच एकटी जातेय, मुंबईहून थेट विमान आहे. तिकिटावर रात्री दीडला सुटणार आणि त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला पोचणार असं आहे. म्हणजे सहाच तास ना? मुलगी म्हणते साडेपंधरा, आणि येताना त्याहून कमी. नक्की किती वेळ बसायचंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, मुलीचंच बरोबर आहे. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळातली असते आणि पोचायची न्यूयॉर्कच्या, आणि जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. आता दीड ते पाच मोजा, साडेपंधरा तास झाले! हिवाळ्यात तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात, मग हाच फरक साडेदहा होतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं हिवाळ्यातलं तिकीट बघून हिशोब करू नका.

अंतर सरळ धरलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. पण हे 'सरळ' भिंतीवरच्या नकाशावरचं नाही बरं का. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणा, तो अरबस्तान-स्पेनवरून जातच नाही, वर सरकत सरकत नॉर्वे, आइसलंडजवळून ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला लागून उतरतो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. विमान अगदी त्याच दोऱ्यावरून जाईल असं नाही, कारण कुठल्या देशाची हवाई हद्द बंद आहे तेही बघावं लागतं. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घालावा लागला आणि वेळ वाढला.

येताना कमी वेळ लागतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. विमान स्वतः ताशी नऊशेच्या आसपास उडतं, जाताना हा वारा तोंडावर येतो आणि येताना पाठीशी असतो, म्हणून तास-दीड तास सहज वाचतो. मात्र येताना तारीख बदलते हं, न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघालात आणि साडेचौदा तास लागले तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा. घ्यायला येणाऱ्यांना वेळेबरोबर तारीखही आवर्जून सांगा.

आणि काकू, एवढा वेळ एका जागी बसू नका. मधल्या वाटेला लागून असलेली सीट मागून घ्या, दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. साखरेची गोळी असेल तर ती कुठल्या घड्याळाने घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या.