नवा भाग बसवला आणि पीसी बंद पडू लागला : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पीसीत नवा भाग बसवल्यावर तो मधूनच बंद पडू लागला की सगळ्यांचं बोट त्या नव्या भागाकडे जातं. पुष्कळदा तो भाग धडधाकट असतो. त्याच्यामुळे जुन्या एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर), मदरबोर्डवर किंवा घरच्या विजेवर जो ताण येतो, त्यातून आधीचाच कमकुवतपणा उघडा पडतो. म्हणून नवी खरेदी किंवा परतफेड करण्याआधी पीसी नेमका कसा बंद पडतो ते पाहा. ब्लू स्क्रीन येते, थेट रीस्टार्ट होतो की चित्र जागच्या जागी गोठतं? आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

नाशिकहून प्रश्न : रायझन ५ ३६०० प्रोसेसर असलेल्या पीसीत सेकंडहँड आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड बसवलं. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. ब्लू स्क्रीन येत नाही, तापमान ७० अंशांच्या आत आहे. एसएमपीएस ४५० वॅटचा, सहा वर्षं जुना. कार्ड परत करू का?

उत्तर : परतीची मुदत किती उरली आहे ते बघून ठेवा, पण कार्ड इतक्यात परत करू नका. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिम विभागात जा आणि पीसी बंद पडला त्या वेळेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद शोधा. अनेक जण या नोंदीलाच आजार समजतात. पीसी रीतसर बंद झाला नव्हता, एवढंच ती सांगते. कामाचा आकडा तिच्या डिटेल्समध्ये असतो. तिथे बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा कोड) ० असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळालेला नाही. तुमच्या लक्षणांबरोबर हा शून्य आला, तर संशय विजेवर जातो.

कागदावरचा हिशेब फसवा आहे. कार्डाचे २२० वॅट, प्रोसेसरचे जास्तीत जास्त ८८, बाकीचे पन्नास-साठ, म्हणजे पावणेचारशेच्या आत. मग ४५० का पुरत नाहीत? कारण २२० ही सरासरी आहे. या मालिकेतली कार्डं काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत वीज ओढतात. सहा वर्षं वापरलेल्या एसएमपीएसमधले कपॅसिटर तो झटका पेलू शकत नाहीत, १२ व्होल्टची लाइन क्षणभर खाली येते आणि मदरबोर्ड रीसेट होतो. एसएमपीएसचं संरक्षण सर्किटच उडालं असतं, तर बहुतेकदा पीसी पूर्ण बंद राहिला असता आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठला नसता. हा फरक लक्षात ठेवा.

कॅबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातले ४५० सोडून द्या आणि १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा. तिथे १८ अँपिअर असतील, तर ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून तुमच्या हाती १२ × १८ म्हणजे २१६ वॅटच आहेत. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका. खाली एकत्रित वॅट छापलेले असतात, तेच धरा.

आता पैसे न खर्चता करायची चाचणी. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणा, म्हणजे साधारण १३२ वॅट. गेमला ६० फ्रेमची मर्यादा घाला आणि तोच गेम दोन तास चालवा. पीसी टिकला, तर एसएमपीएस बदलायला घ्या. या कार्डासाठी एनव्हिडियाची शिफारस ६५० वॅटची आहे. तरीही पीसी पडला, तर कार्ड दुसऱ्याच्या चांगल्या पीसीत लावून पाहा. तिथेही तेच झालं, तर परत करा.

एसएमपीएस न बदलताच सुटणारा एक प्रकारही आहे. कार्डावर आठ पिनांचे दोन सॉकेट असतील आणि एकाच केबलला लोंबणारी दोन टोकं तुम्ही त्यांत खुपसली असतील, तर सगळा भार एकाच केबलवर येतो. एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल घ्या. मात्र जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. केबल बसते अगदी चपखल, आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळून जाते. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

कोल्हापूरहून प्रश्न : ८ जीबीच्या दोन डीडीआर-४ ३२०० रॅम होत्या. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन घेतल्या. आता ब्राउझरचे टॅब आपोआप बंद होतात, झिप फाइल उघडताना एरर येते, ब्लू स्क्रीनवर रोज वेगळा कोड असतो. विंडोजची मेमरी चाचणी मात्र ‘दोष नाही’ म्हणते. प्रोसेसर रायझन ५ ३६००.

उत्तर : रोज वेगळा कोड आणि झिप फाइलमधली एरर ही जोडी दिसली की रॅमपासून सुरुवात करा. बदललेला एक बिट कधी ड्रायव्हरच्या वाट्याला येतो, कधी ब्राउझरच्या, म्हणून कोड बदलत राहतो. विंडोजच्या चाचणीवर विसंबू नका, तिच्यातून बरंच निसटतं.

मॉडेल तेच असलं तरी आतल्या चिप त्याच असतील असं नाही. कंपन्या एकाच मॉडेल नंबरखाली वेगळ्या काळात वेगळ्या चिप वापरतात, आणि दोनाचा संच कारखान्यात तपासलेला असतो तो दोनाचाच. शिवाय ३२०० हा वेग एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी, बायोस या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममधली सेटिंग) चालू केल्यावर १.३५ व्होल्टवर मिळतो. डीडीआर-४ चं साधं व्होल्टेज १.२ आहे. चार रॅम लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो. तुमच्या प्रोसेसरसाठी एएमडीने चार सिंगल-रँक (चिपचा एक गट असलेल्या) रॅमना २९३३ आणि चार ड्युअल-रँक (दोन गट असलेल्या) रॅमना २६६७ एवढाच वेग दिला आहे. ३२०० दोन रॅमसाठी आहे.

आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो नीट उघडतो का ते दुसऱ्या संगणकावर पाहा. रॅम चुकत असताना केलेली कॉपीही बिघडलेली निघू शकते. मग मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून पीसी सुरू करा, चारही रॅम एक्सएमपीसकट रात्रभर तपासा. निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आली तरी निकाल नापास. ‘एवढीशी चालते’ असं रॅमच्या बाबतीत म्हणता येत नाही.

एरर आल्यास एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. आता सगळं स्वच्छ निघालं तर रॅम शाबूत आहेत, वेग झेपत नाही. एक्सएमपी पुन्हा चालू करा, वेग तेवढा हाताने २९३३ करा. नाही जमलं तर २६६७. रोजच्या कामात हा फरक जाणवणार नाही. एक्सएमपी बंद असतानाही एरर आली, तर एकेक रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून तपासा. जी सापडेल ती वॉरंटीत द्या. संचातली असेल तर दोन्ही मिळून.

रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. दमट हवेत त्यावर थर बसतो आणि घासल्याने संपर्क सुधारतो, हे खरं. पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवं दुखणं सुरू होतं, आणि जोरात घासल्यास मुलामा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड एकदा फिरवा आणि वाळू द्या.

रॅम सुधारल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून सिस्टिम फाइल चेकर (sfc /scannow ही कमांड) चालवायला विसरू नका. दोषी रॅम असताना डिस्कवर लिहिल्या गेलेल्या विंडोजच्या बिघडलेल्या फाइली रॅम बदलल्याने सुधारत नाहीत.

पुण्याहून प्रश्न : बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ १६०० प्रोसेसर काढून ५६०० बसवला. एका व्हिडिओत पाहून कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) उणे ३० केला. तासभर स्ट्रेस टेस्ट चालते, पण नुसतं ब्राउझिंग करताना पीसी रीस्टार्ट होतो.

उत्तर : पूर्ण भाराखाली प्रोसेसरमधले सगळे कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) थोड्या कमी वेगाने धावतात. हलक्या कामात एखादाच कोअर सर्वोच्च वेगाला उडी मारतो, आणि तुम्ही कमी केलेलं व्होल्टेज त्याला नेमकं तिथे अपुरं पडतं. म्हणून स्ट्रेस टेस्ट पास होते आणि ब्राउझर पीसी पाडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर १८’ ही नोंद शोधा. त्यातला प्रोसेसर एपिक आयडी दोषी कोअर दाखवतो : ० आणि १ पहिला कोअर, २ आणि ३ दुसरा, याप्रमाणे. आधी ऑप्टिमायझर पूर्ण बंद करून आठवडाभर वापरा. पीसी स्थिर राहिला, तर हवं तर उणे १० पासून सुरू करा आणि कोअरसायकलर या मोफत प्रोग्रॅमने एकेक कोअर तपासा.

ऑप्टिमायझर बंद असूनही पीसी मोकळा बसलेला असताना पडत असेल, तर बायोस ताजा करा आणि त्यातला पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवा. काही जुन्या एसएमपीएसना प्रोसेसर झोपेत गेल्यावरची फारच कमी वीज सांभाळता येत नाही.

ठाण्याहून प्रश्न : ग्राफिक्स कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल (कार्ड बोर्डाला जोडणारी केबल) वापरली. तेव्हापासून मधूनच चित्र जातं, आवाज मात्र चालू राहतो.

उत्तर : केबल पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बोर्डामधली जोडणी) पिढी ३ ची आणि कार्ड-बोर्ड पिढी ४ चे असतील, तर दोघं मिळून ४ चा वेग ठरवतात आणि केबल त्यात चुका करते. बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून जेन ३ करा. कार्ड उभं केल्यावर चित्रच येत नसेल, तर आधी ते थेट बोर्डावर लावून ही सेटिंग बदला.

बेंगळुरूहून प्रश्न : आय५-१२४०० प्रोसेसर काढून सेकंडहँड आय७-१४७००के बसवला. १२ जीबीचं कार्ड असूनही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणत बंद होतो. ग्राफिक्स ड्रायव्हरचा इन्स्टॉलरही मध्येच अडकतो. कार्ड गेलं का?

उत्तर : कार्डाला हात लावू नका. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांचं हे ओळखीचं लक्षण आहे. गेमच्या आणि इन्स्टॉलरच्या दाबलेल्या फाइली उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. तो त्यात चुकला की संदेश मात्र व्हिडिओ मेमरीचा येतो, आणि लोक चांगली कार्डं विकून टाकतात.

या प्रोसेसरांना काही परिस्थितीत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्याने आतलं सर्किट झिजत होतं, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्यावरचा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ऑगस्टमध्ये आणि ०एक्स१२बी सप्टेंबरमध्ये आला. तो बायोसबरोबर मिळतो. तेव्हा बोर्डाचा ताजा बायोस घाला आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवडा. तुमच्या प्रोसेसरची वीजमर्यादा त्यात २५३ वॅट असायला हवी. काही बोर्डांवर तिथे ४०९६ लिहिलेलं आढळतं, म्हणजे मर्यादाच नाही.

बायोस बदलण्याआधी एक काम न चुकता करा. विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्ट झालेली असेल, तर बायोसनंतर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या.

मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. बायोसनंतरही गेम पडत असेल, तर बायोसमध्ये पी-कोअरचा (वेगवान कोअरचा) गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, ५५ वरून ५२ करून पाहा. एवढ्याने सगळं सुरळीत झालं, तर प्रोसेसर झिजलेला आहे हे जवळजवळ नक्की. गुणक कमी ठेवून दिवस ढकलू नका, वॉरंटी मागा. बाधित प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, त्यामुळे बॉक्समधल्या प्रोसेसरची एकूण पाच वर्षं होते. तुमचा सेकंडहँड असल्याने मूळ बिल आणि बॉक्सवरचा अनुक्रमांक विकणाऱ्याकडून आजच मिळवा.

रत्नागिरीहून प्रश्न : पूर्वी वीज गेली तरी इन्व्हर्टरवर पीसी चालू राहायचा. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून वीज जाताच रीस्टार्ट होतो.

उत्तर : वीज गेल्यापासून इन्व्हर्टरची सुरू होईपर्यंतच्या फटीत पीसी एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर जगतो. पूर्ण भाराखाली चांगला एसएमपीएस सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, हलक्या भाराखाली बराच जास्त. तुमचा जुना पीसी कमी वीज खात होता, म्हणून ती फट त्याला जाणवली नाही. आता साठा लवकर संपतो.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असा स्विच असतो. काहींवर नॉर्मलऐवजी वाइड किंवा इको लिहिलेलं असतं. तो यूपीएसवर करा. त्यामुळे बदल लवकर होतो, आणि व्होल्टेज फार खाली येण्याआधीच इन्व्हर्टर सूत्रं घेतो. त्याने भागलं नाही, तर पीसीसाठी वेगळा यूपीएस घ्या. तो घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॅट यांत गल्लत करू नका : ६०० व्हीएचे छोटे यूपीएस साधारण ३६० वॅटच देतात आणि गेम चालू असताना तुमचा पीसी मॉनिटरसकट त्यापलीकडे जाईल. १००० व्हीएच्या पुढचा, शक्य तर शुद्ध साइन वेव्हचा पाहा. आणि इलेक्ट्रिशियन घरी येईल तेव्हा पीसीच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर यूपीएस घेण्याआधी अर्थिंग आणि वायरिंग तपासून दुरुस्त करून घ्या.