कुकर आण, मिक्सर नको, आणि पॉटलकचं म्हणशील तर

मार्चमध्ये नवऱ्यापाठोपाठ अमेरिकेत ओहायोला येतेयस, आणि विचारतेस की कुकर-मिक्सर आणू का, तिकडच्या पार्टीला काय न्यायचं. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. कुकर आण. मिक्सर नको, इथे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर नुसता कण्हतो.

पॉटलक म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ न्यायची पार्टी. पहिल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या पॉटलकला मी पहाटे उठून सुरळीच्या वड्या केल्या. टेबलावर ओळीने पाच-सहा स्लो कुकर, म्हणजे तासन्तास मंद शिजवणारी विजेची भांडी. माझ्या वड्यांपाशी लोक थांबायचे, 'इंटरेस्टिंग' म्हणायचे नि पुढे सरकायचे. डबा जवळजवळ भरलेला परत आला. गाडीत बसून मीच आठ खाल्ल्या.

शेजारच्या भांड्याचा तळ अर्ध्या तासात दिसला होता. त्यात काय? फ्रोझन मीटबॉल्सची पिशवी, द्राक्षाच्या जेलीची बरणी, चिली सॉसची बाटली. हा चिली सॉस तिखट नसतो, केचपचाच भाऊ. सगळं ओतायचं, 'लो'वर ३-४ तास, मग 'वॉर्म'वर ठेवून बाजूला टूथपिक. ना फोडणी, ना परतणं. ऐकून शिसारी आली होती, पण चव चिंच-गुळाच्या वाटेने जाते. पिशवीवरची यादी वाच. बऱ्याचदा गाय-डुक्कर असतं, टर्कीचे वेगळे मिळतात. शाकाहारी हवं तर पालक-आर्टिचोक डिप: क्रीम चीज, सावर क्रीम, लसूण, डब्यातले आर्टिचोक (एका भाजीच्या कळ्या), दोन तास. फ्रोझन पालक घट्ट पिळ, नाहीतर पळीवाढं पिठलं होतं. मी दोन हिरव्या मिरच्या घालते, सांगत नाही. आणि कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये थेट टाकू नकोस, आधी भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळ. बाधतो.

शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात. मी ऐटीत 'मराठी' लिहिलं. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरीला वर्गातून उठवून इंग्रजीची परीक्षा द्यायला लावली. घरी येऊन म्हणाली, "आई, तू 'इंग्लिश' का नाही लिहिलंस?" धाकट्याच्या वेळी लिहिलं. परीक्षा झाली नाही. आता तो मराठीत उत्तरच देत नाही, आणि फॉर्मवर सही माझी आहे.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, जातो. चालायला जात जा.

मीटबॉल्स मी अजून नेते, लोक रेसिपी मागतात. सुरळीच्या वड्या घरीच, चौघांपुरत्या. आंबट ताकाऐवजी इथलं बटरमिल्क चालतं. धाकटा वरचं खोबरं झटकून खातो.