इंग्लंडमधल्या रॅम्सगेटच्या जुन्या बंदराचं तिथलं कौन्सिल खरंच काही करतंय का, की नुसत्या घोषणा?

करतंय, पण हळूहळू. बंदर थॅनेट डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्याच मालकीचं आहे, १८२१ मध्ये राजा चौथ्या जॉर्जने त्याला 'रॉयल' म्हटलं, आणि १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून आणलेले हजारो सैनिक इथेच उतरले, म्हणजे इतिहास भरपूर पण फेरी बोटसेवा २०१३ ला बंद पडली आणि कमाई आटली. २०२१ ला सरकारकडून १.९८ कोटी पौंड मिळाले ते बंदर आणि गावाच्या कामांसाठी. मला विचाराल तर खरी मजा मिलिटरी रोडवर आहे, धक्क्यालगत लाल विटांच्या कमानी, त्यांत छोटे गाळे. ते चालते ठेवले तरच गाव जगेल, नुसते फ्लॅट बांधून काय होणार?